किमया तोडकर यांची संमती

आई एकच असते, असं मानवजात काही हजार वर्षं मानत आली आहे. मिरजेच्या कोंब प्रजनन केंद्रातल्या संगणकाच्या मते त्या दोन होत्या, आणि त्यांतल्या एकीचा मोबाइल बंद लागत होता.

शर्वरी आवटीला हे गुरुवारी दुपारी कळलं. सकाळी केंद्राच्या डॉ. नसरीन मुल्लांचा फोन येऊन गेला होता. गर्भ तयार झाला होता आणि डॉक्टरांच्या मते तो देखणा होता. शंभरेक पेशींच्या ठिपक्यात देखणं काय असतं, हे विचारायचं राहून गेलं. शर्वरीनं शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पेढे आणावेत का यावर नवऱ्याशी फोनवर थोडा वाद घातला आणि आणू नयेत असं ठरलं. मग संदेश आला: 'दाता महिलेची संमती अप्राप्त. पुढील प्रक्रिया स्थगित.'

तिनं तो तीनदा वाचला. या सगळ्यात दाता महिला कुणी नव्हतीच. बीज तिचं होतं, नवरा तिचा होता, गर्भ ठेवायचा तोही तिच्याच पोटात. फरक एवढाच, की बीज दिलं तेव्हा ती शर्वरी नव्हती.

चौदा वर्षांपूर्वी, म्हणजे २०२७ साली, ती तासगावची किमया शंकर तोडकर होती. वय एकोणीस, आजार रक्ताचा कर्करोग. त्यावरची जबर औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींना मारतात. पण सोबत अंडाशयातली बीजंही जातात. आणि मुलगी जन्मताना जेवढी बीजं घेऊन येते तेवढीच. नंतर नवी भर पडत नाही. म्हणून उपचाराआधी पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या अंडाशयाची एक पातळ पट्टी, चिकूच्या सालीएवढी, काढून द्रव नायट्रोजनच्या टाकीत उणे एकशे शहाण्णव अंशांवर ठेवली. मग औषधं दिली, तिच्या भावाची अस्थिमज्जा तिच्या शिरेत सोडली आणि ती वाचली.

अशी पट्टी एरवी पुढे परत पोटात शिवतात. पण हिच्या पट्टीत आजाराच्या चार पेशी दडून बसल्या असतील तर आजारच परत शिवल्यासारखं झालं असतं. त्यामुळे पट्टी टाकीत पडून राहिली. मग कृत्रिम अंडाशय आलं. काकडीच्या कापाएवढी मऊ जेलची चकती, तिच्यात पट्टीचे कण रुजवायचे, आणि शरीर महिन्याच्या चक्रात जशी संप्रेरकं चढवतं-उतरवतं तशी ती यंत्रानं चढवायची-उतरवायची. बीज शरीराबाहेर पिकतं आणि आजार चकतीतच राहतो. शर्वरीच्या पट्टीतून अकरा बीजं वाढीला लागली, चार पिकली, दोन फलित झाली, त्यांतला एक गर्भ टिकला. पट्टी संपली.

अशा गर्भाचं कवच ठिसूळ असतं. गोठवायला गेलं की फुटतं. त्याला थोडं थोपवायचं तर मंदपेटी. अस्वलाची मादी उन्हाळ्यात गाभण राहते, पण गर्भाला कित्येक महिने ठिपक्याएवढाच धरून ठेवते आणि थंडीच्या तोंडावर वाढू देते. 'सध्या अन्न कमी आहे, दमानं घ्या' असा निरोप पेशींना देणारं रसायन सापडल्यावर माणसाच्या गर्भालाही तसं थांबवता येऊ लागलं. अस्वलाला महिने मिळतात, माणसाला नऊ दिवस. दहाव्या दिवशी गर्भाला निरोप ऐकू येईनासा होतो.

गुरुवार हा पहिला दिवस होता.

*

आता नावाचं.

शर्वरीचं लग्न झालं तेव्हा आवट्यांच्या घरासमोर 'किमया ब्यूटी पार्लर' होतं. सुनेला हाक मारायची आणि समोरच्या बाईनं खिडकीतून 'ओ' द्यायची, हे सासूबाईंना, म्हणजे विजयाबाईंना, बरं दिसेना. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, प्रसन्ननं त्यात अंगठीनं 'शर्वरी' असं लिहिलं, आणि मंडळींनी पेढे खाल्ले. इथपर्यंत चार घरांत होतं तेच झालं. पण प्रसन्न आवटी भूमी अभिलेख कार्यालयात नोकरीला होता. नोंद अर्धवट ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. अकरा दिवसांत त्यानं नाव राजपत्रात छापून आणलं. आधार, पॅन, बँक, मतदार यादी, वाचनालयाचं कार्ड, सगळीकडे किमया काढली आणि शर्वरी बसवली. राजपत्राची प्रत लॅमिनेट केली. पार्लर सहा महिन्यांत बंद पडलं. तिथे आता स्कूटरच्या बॅटऱ्या मिळतात.

एक जागा तेवढी राहिली. पुण्याच्या टाकीतली पट्टी. लग्नाआधी तिनं त्याला सगळं सांगितलं होतं, पण ती पट्टी ही नाव लावायची गोष्ट आहे असं त्याच्या डोक्यात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी दोघं केंद्रातल्या शासकीय नोंदणी कक्षात हणबरांसमोर बसले. बीज, गर्भ आणि आया यांची नोंद ठेवायला प्रत्येक केंद्रात शासनाचा असा एक अधिकारी असतो. हणबर सज्जन होते, आणि त्यामुळे जास्त भीती वाटत होती. त्यांच्या मागे डॉ. मुल्ला भिंतीला टेकून उभ्या होत्या.

प्रसन्ननं पिशवीतून राजपत्र काढून टेबलावर ठेवलं. हणबरांनी त्यावर घाईनं फाइल ठेवली.

"हे मला दाखवू नका."

"का?"

"दाता आणि ग्राहक, दोघींची नावं एका कागदावर आहेत. गोपनीयतेचा भंग होतो. तीन वर्षं आहे त्याला."

"पण साहेब, दोघी एकच आहेत."

"तेच त्यावर लिहिलंय. म्हणून तर दाखवू नका म्हणतोय."

प्रसन्ननं खुर्ची पुढे ओढली. "मी भूमी अभिलेखात आहे. फेरफार होतो, मालक बदलतो, गट नंबर बदलतो. जमीन तीच राहते."

"बरोबर आहे," हणबर म्हणाले. "पण जमिनीची संमती लागत नाही."

शर्वरीनं विचारलं, "मग दुरुस्ती कशी करायची?"

"अर्ज करायचा. पुण्याला जातो. पंचेचाळीस दिवस, कामकाजाचे."

"गर्भाकडे नऊ आहेत," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "त्यातला एक गेला."

"कामकाजाचे?"

"हणबर साहेब."

"नाही, विचारलं आपलं."

डॉ. मुल्लांनी जनुकीय चाचणी सुचवली. पट्टीचे उरलेले कण आणि समोर बसलेली बाई, दोन्ही तपासा, जुळलं की मिटलं. हणबरांना हे पटलं. त्यांना मनापासून मिटवायचं होतं, फक्त नियमात. शनिवारी शर्वरीचा नमुना गेला. रविवारी तिनं घरातली सगळी कपाटं आवरली. सोमवारी अहवाल आला.

'ग्राहक व्यक्ती पुरुष असून दाता महिलेचा सख्खा भाऊ आहे. निकट नात्यात बीजदान निषिद्ध.'

चाचणी बरोबर होती. ज्याची अस्थिमज्जा मिळते त्याचंच रक्त माणसाच्या अंगात जन्मभर तयार होतं. शर्वरीचे डोळे, कातडी, केस तिचेच होते. रक्त मात्र चौदा वर्षं तिच्या भावाचं, सुजितचं, होतं. भाऊ विट्याला होता आणि त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"मी अर्जावर 'नमुना: त्वचा' लिहिलं होतं," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "यांच्या यादीत त्वचा नाहीच. यांनी रक्त काढलं."

"नियमात रक्तच आहे," हणबर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आता अडचण वाढली. नोंदीप्रमाणे ग्राहक पुरुष आहे."

"मी समोर बसलेय," शर्वरी म्हणाली.

"मला दिसताय. नोंदीत दिसत नाही." ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "एक होऊ शकतं. दाता महिलेनं येऊन रीतसर संमती दिली, तर चाचणीची गरजच पडली नव्हती असं होतं. मग अहवाल मागवलाच नाही, तर आला कुठून?"

"दाता महिला म्हणजे मी."

"ते मला सांगू नका. संमतीच्या सह्या शुक्रवारीच होतात. किमया तोडकर म्हणून कुणी बाई अकरा वाजता आल्या, तर मी सही घेईन. तुम्ही बारा वाजता या. दोघींची गाठ पडता कामा नये, एवढं बघा."

शुक्रवार नववा दिवस होता.

*

प्रसन्न तासगावला जाऊन दोन वस्तू घेऊन आला. एक, किमयाचं बारावीचं हॉल तिकीट, त्यावर तिची जुनी सही होती. दुसरी, तिच्या आईचा जुना मोबाइल. उपचाराच्या वेळी सगळीकडे तोच नंबर दिला होता. तो चार्ज करून, रिचार्ज मारून डायनिंग टेबलावर ठेवला. इतकी वर्षं बंद असलेली किमया तोडकर आता आवट्यांच्या घरात, लोणच्याच्या बरणीशेजारी, चालू झाली.

मंगळवारी संध्याकाळी शर्वरीनं संमतिपत्राचा नमुना वाचायला घेतला. विजयाबाई समोर बसून शेंगा सोलत होत्या.

"सातवं कलम ऐक," ती प्रसन्नला म्हणाली. "'दाता महिला या बीजापासून जन्मणाऱ्या अपत्यावरचे सर्व हक्क कायमचे सोडत आहे. ती अपत्याचा शोध घेणार नाही, त्याला भेटणार नाही व आपली ओळख त्याला कळू देणार नाही.'"

"सोड की. सोडणारी तू, घेणारी तूच."

"घेणारी शर्वरी आवटी."

"म्हणजे तूच ना."

"आवटी आहे तोवर." तिनं कागद खाली ठेवला. "उद्या आपलं पटेनासं झालं, मी माझं नाव परत लावलं, तर मी कोण? बीज देणारी बाई. पोराला शाळेच्या गेटवर भेटले तरी गुन्हा."

"आपलं कशाला पटेनासं होईल?"

"माझं नाव कशाला बदलेल, असंही मला वाटायचं."

प्रसन्ननं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. "मी स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. असं काही झालं तरी मूल तुझं."

"तुझे कागद पुरे झाले रे आता."

मग विजयाबाई कुणाकडे न बघता म्हणाल्या, "मला तरी कुठं कुणी विचारलं होतं? माझं माहेरचं नाव बेबी. शाळेच्या दाखल्यावरसुद्धा बेबीच. इथं आले नि विजया झाले. त्या बेबीची नि माझी परत काय गाठ पडली नाही."

"आठवण येते का हो आई कधी?"

"कुणाची?" त्यांनी एक खवट शेंगदाणा बाजूला काढला. "बेबीची? ती नऊ घरच्या भानगडी करायची. हिंडायची नुसती." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पार्लर बंद झाल्यावर तुला परत किमया म्हणायला माझी काय हरकत नव्हती. पण म्हटलं, आता सगळीकडं छापून आलंय."

हे त्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं. शर्वरीला हसावं की काय करावं कळेना, म्हणून ती पापड भाजायला उठली.

"आणि ते अस्वलाचं औषध कुठवर पुरतंय?" विजयाबाईंनी मागून विचारलं.

"शुक्रवार."

"मग सही कर नि मोकळी हो बाई. नंतरचं नंतर बघू."

ती बुधवारी आणि गुरुवारी हॉल तिकीट समोर ठेवून पाठकोऱ्या कागदांवर सही गिरवत बसली. किमयाच्या 'क'ला ऐटबाज वेलांटी होती आणि शेवटी खाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं. टिंबं कशासाठी होती ते तिला आठवेना. प्रसन्न शेजारी येऊन बसला.

"छान आहे," तो म्हणाला. "मी आधी पाहिलीच नव्हती."

"कशी बघशील?"

"नाव आवडलं होतं मला. बघायला आलो तेव्हा. तू 'किमया' म्हणालीस आणि मला वाटलं, बरं आहे."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं जरा विचार केला. "आई बोलत होती."

तिनं पुढची सही केली. ती बिघडली.

*

शुक्रवारी अकराला पाच कमी असताना ती कक्षात गेली. साडी न नेसता ड्रेस घातला होता, केस मोकळे होते. हे कुणी सांगितलं नव्हतं. हणबरांनी तिच्याकडे पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"या, किमयाताई. पहिल्यांदाच येताय आमच्याकडे?"

"हो."

"सापडायला त्रास नाही ना झाला?"

"नाही."

त्यांनी आईच्या मोबाइलवर आलेला आकडा विचारला, तो जुळला. सातवं कलम मोठ्यानं वाचून दाखवलं, मान्य आहे का म्हणून विचारलं. तिनं हो म्हटलं. आपला आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. शेजारच्याच खोलीत मंदपेटी होती. काचेतून तिचा हिरवा दिवा दिसत होता आणि खाली आकडे उतरत होते: सात तास, चाळीस मिनिटं.

"सही यंत्र तपासतं," हणबर म्हणाले. "मूळ संमतीवरच्या सहीशी साठ टक्के जुळली पाहिजे. तीन वेळा करता येते. त्यानंतर प्रकरण पुण्याला."

"मूळ सही बघता येईल?"

"तसं केलं तर बघून केली असं होतं."

तिनं काचेच्या पाटीवर सही केली. ऐटबाज 'क', खाली रेघ, दोन टिंबं. हॉल तिकिटावर होती तशीच, गुरुवारच्यापेक्षा सरस.

'साम्य: अडतीस टक्के.'

तिनं दुसऱ्यांदा केली, सावकाश. वेलांटी थोडी लहान घेतली.

'साम्य: एकेचाळीस टक्के.'

हणबर टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. डॉ. मुल्ला काचेपलीकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे वर चढलेले दिसत होते. शर्वरीनं पेन खाली ठेवलं. दुसरी सही तिला येत नव्हती. तिनं डोळे मिटले आणि वॉर्ड आठवायचा प्रयत्न केला. हिरवा पडदा. उजव्या हातात सलाइन. वडिलांनी धरलेला पुठ्ठा. 'नुसती सही कर किमू,' ते म्हणाले होते, 'वाचत बसू नकोस.' तिनं तेव्हा वाचलं नव्हतं. आता सातवं कलम पाठ होतं.

डोळे उघडले तर दिव्याखाली सात तास तीस मिनिटं. तिनं पेन उचललं आणि हात कापायला लागला. मनगट डाव्या हातानं दाबून धरलं, तरी थांबेना. 'क' तिरका गेला, वेलांटी मोडली, रेघ पाटीच्या कडेपर्यंत घसरली. टिंबं राहूनच गेली. तिला वाटलं, संपलं.

'साम्य: एक्क्याण्णव टक्के.'

हणबरांनी रुमालानं कपाळ पुसलं. "झालं," ते म्हणाले. "आभारी आहे. आता कृपा करून मागच्या जिन्यानं जा. बारा वाजता ग्राहक येणार आहेत."

ती मागच्या जिन्यानं उतरली. खाली प्रसन्न डबा घेऊन उभा होता. दोघांनी पार्किंगमध्ये उभ्याउभ्या अर्धी अर्धी पोळी खाल्ली. तिनं केस बांधले. बाराला ती पुढच्या जिन्यानं वर गेली.

"या, आवटी मॅडम," हणबर म्हणाले. "आनंदाची बातमी आहे. दाता महिलेनं संमती दिली."

"कशी होती हो ती?" शर्वरीनं विचारलं.

हणबर क्षणभर घोटाळले. "ते सांगता येत नाही," ते म्हणाले, आणि मग दाराकडे बघत, "घाबरली होती. पण चांगली होती."

शर्वरीची सही पहिल्या फटक्यात जुळली. अडीच वाजता डॉ. मुल्लांनी मंदपेटी उघडली. गर्भ ठेवायला चार मिनिटं लागली.

*

पुढचे चौदा दिवस आवट्यांच्या घरात कुणी शिंकलं तरी सगळे एकमेकांकडे बघत. विजयाबाई सुनेला नावानं हाक मारायचंच टाळू लागल्या; "अगं", "ऐक", "हे बघ" एवढ्यावर भागवत होत्या. चौदाव्या दिवशी, शुक्रवारी, शर्वरीनं मूत्राचा नमुना दिला. रक्ताचा नको म्हणून डॉ. मुल्लांनी हणबरांकडून लेखी घेतलं होतं.

शनिवारी सकाळी नऊला डायनिंग टेबलावरचा जुना मोबाइल वाजला. शर्वरी ओट्याजवळ होती. विजयाबाईंनी चष्मा लावला, मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला आणि बातम्या वाचाव्या तसं वाचलं.

"'श्रीमती किमया तोडकर. आपण दान केलेल्या बीजापासून गर्भधारणा झाली आहे. ग्राहक महिलेची ओळख गोपनीय असून तिच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न करू नये.'" त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे काय झालं गं?"

शर्वरीनं ओट्याची कड धरली होती.

"कुणाला तरी दिवस गेलेत," ती म्हणाली.

"कुणाला?"

"ते सांगता येत नाही."

विजयाबाई उठल्या. तिच्याजवळ आल्या, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "खाली बस. किमया, खाली बस आधी."

मग शर्वरीचा मोबाइल वाजला. 'श्रीमती शर्वरी आवटी. आपला अहवाल तयार आहे. तो नोंदणी कक्षातून कामकाजाच्या दिवशी दहा ते एक या वेळेत ओळखपत्र दाखवून समक्ष घ्यावा. त्याआधी निष्कर्ष काढू नये.'

प्रसन्ननं शर्ट चढवला होता. तिचं आधार कार्ड खिशात होतं आणि तो गाडीची किल्ली शोधत होता.

त्या दिवशी दुसरा शनिवार होता. कक्ष बंद होता.